बॉनेटखालची हवा

दीड लिटरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी फिरत असतं तेव्हा दर मिनिटाला साधारण ३,८०० लिटर हवा ओढतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे सगळे सिलिंडर एकदा भरतात, म्हणजे मिनिटाला तीन हजार वेळा दीड लिटर. ते कधीच काठोकाठ भरत नाहीत म्हणून त्यातून पंधराएक टक्के वजा करायचे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोलचा आपण पंपावर पैशापर्यंत हिशेब ठेवतो, ॲव्हरेज काढतो. हवा फुकट असते, त्यामुळे ती गाडीत कुठून शिरते, किती गरम असते, तिच्याबरोबर काय आत जातं, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. ती एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून जाते. सर्व्हिसिंगला त्याच्या चार क्लिपा उघडतात, आतला कागदी फिल्टर हापटून धूळ काढतात आणि पुन्हा लावतात. जुन्या गाडीच्या हौशी मालकाचा हात सर्वांत आधी या डब्याकडे जातो.

पुण्यात नाना पेठेपासून फार लांब नसलेल्या एका गॅरेजमध्ये २००१ ची होंडा सिटी व्हीटेक उभी होती. मालक तिशीतला, गाडी वडिलांनी नवी घेतलेली. सोबत एका खोक्यात लाल सुळक्यासारखा कोन फिल्टर, ॲल्युमिनियमचा वाकवलेला पाइप, सिलिकॉनचे होज आणि क्लॅम्प. डबा काढून त्या जागी हे बसवायचं होतं. साठीच्या मिस्त्रींनी खोकं उघडून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अरे, पिकअप पाहिजे का आवाज?"

"दोन्ही, काका."

"आवाज आज संध्याकाळपर्यंत देतो. पिकअपचं बघू."

या दोन वाक्यांत विषयाचा गाभा आला आहे. उरलेला लेख त्याचं स्पष्टीकरण आहे असं समजायला हरकत नाही.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण या हौसेमागे गाडीवरचं प्रेम आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय बाकीचं कळत नाही. होंडाने भारतात पहिली सिटी १९९८ मध्ये आणली आणि २००० मध्ये तिला दीड लिटरचं व्हीटेक इंजिन दिलं. १०६ अश्वशक्ती. त्या वेळी रस्त्यावर मारुती ८०० आणि झेन धावत होत्या. हलक्या अंगाची, उंच फेऱ्यांपर्यंत हसत चढणारी ही सिटी पळवणाऱ्या पिढीने तिला आजवर सोडलेलं नाही. व्हीटेकमध्ये ठराविक फेऱ्यांनंतर झडपा वेगळ्या कॅमवर चालू लागतात, जास्त उघडतात आणि इंजिनाचा सूर बदलतो. २००३ मध्ये पुढची सिटी आली ती काटकसरी इंजिन घेऊन. जुन्या व्हीटेकची किंमत तेव्हा लोकांना उमगली. पंचवीस वर्षांच्या या गाड्यांवर जी तरुण मंडळी आज पैसे खर्च करतात, त्यांना मी वेडं म्हणणार नाही. लहानपणी मागच्या सीटवर बसून ऐकलेलं इंजिन त्यांना जिवंत ठेवायचं आहे.

सुळक्यासारखा फिल्टर आणि उघडा पाइप ही पद्धत मूळची कॅलिफोर्नियाची. के अँड एन या फिल्टर कंपनीचं नाव तिथल्या रिव्हरसाइड गावातल्या केन जॉन्सन आणि नॉर्म मॅक्डोनल्ड या दोघांचं. मोटरसायकलींच्या धुळीतल्या शर्यतींसाठी त्यांनी १९६९ च्या सुमारास धुता येणारा, तेल लावलेला सुती जाळीचा फिल्टर काढला. कागदी फिल्टर बारीक छिद्रांनी धूळ अडवतो. सुती फिल्टरमध्ये कापसाच्या तंतूंचे थर असतात, त्यांवर चिकट तेल असतं आणि वळणं घेत जाणाऱ्या हवेतले कण त्या तेलाला चिकटतात. वाट मोकळी राहते, धूळ अडते, मळला की धुऊन पुन्हा तेल लावायचं. आपल्याकडे जुन्या जीपला तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असायचा. तत्त्वात तो याचाच आजोबा.

कॅलिफोर्नियातच पुढे होंडा सिव्हिक आणि इंटिग्रा घेऊन फिरणाऱ्या पोरांनी नव्वदच्या दशकात लांब पाइपांचे कोल्ड एअर इनटेक घराघरांत नेले. तिथल्या सरकारने याकडे डोळेझाकही केली नाही आणि सरसकट बंदीही घातली नाही. बाजारातला असा भाग गाडीचं प्रदूषण वाढवत नाही हे राज्याच्या हवा मंडळापुढे सिद्ध करायचं, मंडळ त्याला आदेश क्रमांक देतं आणि तो क्रमांक बॉनेटखाली चिकटवायचा. नसेल तर तपासणीत गाडी नापास. आपल्याकडे अशी व्यवस्था हवी होती असं मला मनापासून वाटतं. हौसेला रस्ता मिळाला असता आणि नकली मालाला चाप बसला असता. नामवंत कंपन्यांच्या नावाचे बनावट कोन फिल्टर आपल्या बाजारात सर्रास मिळतात. रंग तोच, खोकं तसंच, आत कापूस किती आणि स्पंज किती हे फिल्टर फाडल्याशिवाय कळत नाही.

आता तो काळा डबा. होंडाच्या अभियंत्यांनी तो अडगळ म्हणून ठेवला नव्हता. डब्याला पुढे एक नळी असते, ती बॉनेटखालची गरम हवा टाळून बाहेरची थंड हवा घेते. बाजूला रिकाम्या पोकळ्या असतात, त्यांना रेझोनेटर म्हणतात. झडपांच्या उघडझापीने हवेत उठणाऱ्या लाटा तिथे विझतात आणि घरघर कमी होते. डब्याचं आकारमान आणि नळ्यांची लांबी अशी जुळवलेली असते की मधल्या फेऱ्यांत, म्हणजे गाडी रोज जिथे चालते तिथे, सिलिंडर बरे भरावेत. डबा काढला की आवाज मोकळा होतो, पण ही जुळणीही जाते. कोन फिल्टर लावलेली गाडी खाली मऊ लागते आणि वर धावते, असं बरेच जण सांगतात ते यामुळे.

सर्वांत मोठा प्रश्न उष्णतेचा. या होंडा इंजिनात एक्झॉस्ट पुढे, रेडिएटरकडे, आणि इनटेक मागे आहे. पंखा रेडिएटरची गरम हवा एक्झॉस्टवरून मागे ढकलतो आणि ती नेमकी तिथे जाते जिथे आपण उघडा फिल्टर ठेवणार आहोत. मे महिन्यात बाहेर ३८ अंश असताना सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ६५ अंश सहज होतात. एवढ्या फरकाने हवा ८ टक्के विरळ होते. शक्ती मात्र तितकी घटत नाही, कारण हवा मॅनिफोल्डमध्ये तशीही तापते. इंजिनाची शक्ती मोजण्याची प्रमाण सूत्रं तापमानाचं वर्गमूळ धरतात. तरीही चार टक्के जातात. १०६ अश्वशक्तीतले चार टक्के म्हणजे चारेक अश्वशक्ती. उत्तम फिल्टर आणि पाइप मिळून जे देतील, तितकं किंवा त्याहून जास्त ही गरम हवा काढून घेते. म्हणून पाइपच्या खोक्यावर कितीही छापलेलं असो, उघडा सुळका इंजिनाच्या मागे नुसता लटकवला तर उन्हाळ्यात गाडी आधीपेक्षा मंदच होईल.

मिस्त्रींनी पाइप हातात घेण्याआधी एक पारदर्शक नळी आणली, यू आकारात फळीवर बांधली, तिच्यात रंगीत पाणी भरलं. एक टोक फिल्टरनंतरच्या होजमध्ये, दुसरं मोकळं. गाडी रस्त्यावर काढून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून फेऱ्या चढवायच्या आणि शेजारच्याने पाण्याच्या पातळीतला फरक बघायचा. हे साधन शाळेच्या प्रयोगशाळेतलं आहे आणि यापेक्षा खरं बोलणारं साधन या कामासाठी मला माहीत नाही. दहा सेंटिमीटर पाण्याचा फरक म्हणजे सुमारे एक किलोपास्कल. पुण्याचा हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास आहे. म्हणजे दहा सेंटिमीटर पाण्यामागे डबा, नळी आणि फिल्टर मिळून एक टक्का हवा अडवतात. फरक वीस सेंटिमीटर असेल तर सगळं काढून टाकून, फिल्टरच न लावतादेखील, जास्तीत जास्त दोन टक्के मिळतील: दोन अश्वशक्ती. पन्नास सेंटिमीटर दिसला तर मात्र कुठेतरी काहीतरी तुंबलं आहे, आणि ते शोधणं नवीन पाइपपेक्षा स्वस्त आहे.

हीच गोष्ट डोंगरावर मोजली तर अधिक लक्षात येते. मुंबईहून पुण्याला ५६० मीटर चढून आलेल्या गाडीने सहाएक टक्के हवा वाटेतच गमावलेली असते. वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलात, साडेतेराशे मीटरवर, तर पुण्याच्या तुलनेत आणखी नऊएक टक्के. घाटात गाडी ओढत नाही म्हणून जी तक्रार असते, तिच्यातला मोठा वाटा उंचीचा असतो, आणि त्याला कोणत्याही लाल फिल्टरचं उत्तर नाही.

ॲव्हरेज वाढतं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पेट्रोल गाडीत हवा अडवण्याचं काम थ्रॉटलची झडप मुद्दाम करते. शहरात ती बहुतेक वेळ जेमतेम उघडी असते. तिच्यापुढे फिल्टरचा अडथळा नगण्य. फिल्टर मोकळा केला की पाय जरा कमी दाबला जातो, एवढंच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तुंबलेल्या आणि नव्या फिल्टरवर गाड्या चालवून पाहिल्या. इंजेक्शनच्या गाड्यांत ॲव्हरेजला फरक पडला नाही. वेग घेण्यात मात्र ६ ते ११ टक्के सुधारणा दिसली. ही सुधारणा साध्या, नव्या, कंपनीसारख्या फिल्टरची होती हे लक्षात ठेवायला हवं. कार्ब्युरेटरच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे फिल्टर तुंबला की मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि खिशाला झळ बसते. पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडरच्या काळात "फिल्टर साफ करा, ॲव्हरेज वाढेल" हा सल्ला बरोबरच होता. गाडी बदलली तरी तो तसाच राहिला.

काम सुरू झालं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडलं. डब्याच्या क्लिपा, मग त्याला धरणारे दहाचे बोल्ट. होजचा क्लॅम्प ढिला केला. टॅपेट कव्हरकडून होजला येणारा ब्रीदर पाइप काढताना तो मोडला, कारण पंचवीस वर्षांचं रबर आतून बिस्किटासारखं झालं होतं. मिस्त्रींनी मोठा होज उलटा करून प्रकाशाकडे धरला. वळणाच्या पोटात, जिथे हात पोहोचत नाही तिथे, बोटभर चीर होती.

"ही किती वर्षं अशी असेल?"

"काय माहीत. पण तुझं इंजिन तेवढी वर्षं इथून धूळ खातंय."

या चिरेने पुढच्या चर्चेची दिशा बदलली. फिल्टरच्या आधी गळती असेल तर थोडी गरम हवा येते. फिल्टरच्या नंतर असेल तर न गाळलेली हवा थेट सिलिंडरमध्ये जाते. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचेच बारीक कण असतात आणि ते इंजिनाच्या लोखंडाहून कठीण असतात. मोठे खडे सहसा आत पोहोचत नाहीत. घात करतात ते काही मायक्रॉनपासून वीसेक मायक्रॉनपर्यंतचे कण, कारण रिंग आणि बोअर यांच्यामधला ऑइलचा थर तेवढ्याच जाडीचा असतो आणि कण त्यात अडकून दोन्ही बाजू घासतो. आधी ऑइल कमी होऊ लागतं, मग सायलेन्सरमधून निळा धूर, मग कंप्रेशन उतरतं आणि मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवावं लागेल. यातलं काहीच एका दिवसात घडत नाही. म्हणूनच फिल्टरवर कुणी संशय घेत नाही. ज्या शहरात मेट्रोची, पुलांची आणि इमारतींची कामं एकाच वेळी चालू आहेत, तिथे गाळणी किती मोकळी आहे यापेक्षा ती किती गाळते हे आधी विचारलं पाहिजे. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो आणि थोडी धूळ बसल्यावर आणखी बारीक गाळू लागतो. म्हणून तो दर आठवड्याला हापटून साफ करणंही चुकीचं आहे. हवेच्या प्रेशरने आतून फुंकला तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. वेळ झाली की बदलायचा.

तेलाच्या सुती फिल्टरला हातोटी लागते. तेल कमी लावलं तर धूळ निसटते, जास्त लावलं तर तेल हवेबरोबर पुढे जातं. या सिटीत हवेचं माप मॅनिफोल्डमधल्या दाबावरून काढलं जातं, त्यामुळे तिला त्याचा फारसा त्रास नाही. ज्या गाड्यांत हवेच्या वाटेतच तापलेल्या तारेचा किंवा पट्टीचा सेन्सर असतो, तिथे त्या तेलाचा थर बसून माप चुकतं आणि गाडी आयडलला हुंदके देऊ लागते. फिल्टर खरोखर गाळतो का हे बघायची जुनी युक्ती मिस्त्रींनी सांगितली आणि ती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे: फिल्टरनंतरच्या नळीत आतून ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, काही शे किलोमीटर गाडी चालवायची आणि मग बोट फिरवून बघायचं. करकर लागली तर फिल्टर किंवा त्याची बैठक खोटी.

पावसाळ्याची बाजू महाराष्ट्रात टाळता येत नाही. कोल्ड एअर इनटेकमध्ये थंड हवेसाठी फिल्टर बंपरमागे, चाकाच्या वर किंवा त्याहून खाली नेतात. तापमानाच्या हिशेबाने जागा उत्तम, पाण्याच्या हिशेबाने वाईट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या रस्त्यांवर अगणित गाड्या बंद पडल्या. त्यातल्या ज्यांच्या इंजिनाने पाणी ओढलं त्यांचं दुखणं वेगळंच होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दीड लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा चाळीस-पंचेचाळीस मिलिलिटरची असते. अर्ध्या कटिंग चहाएवढं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एईएम या अमेरिकी कंपनीने यावर उपाय म्हणून पाइपमध्ये वरच्या बाजूला बसणारी झडप काढली होती. फिल्टर बुडाला तर ती उघडून वरून हवा घेते. उपाय चांगला आहे, पण मुंबईतल्या हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात मी त्याच्या भरवशावर गाडी घालणार नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही, हे कुठल्याही इनटेकला लागू आहे. आणि साध्या विम्यात पाण्याने वाकलेल्या रॉडचे पैसे सहसा मिळत नाहीत. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील कंपनीने मूळ दिलेल्यांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा मालकाला ठेवली. आरसीवर एअर फिल्टरचा उल्लेख नसतो, तरी आवाजाचे आणि धुराचे नियम आहेतच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्या दिवशी निरीक्षकापुढे बॉनेट उघडतं तेव्हा मूळ डबा जागेवर असलेला बरा.

मग पाइप बसवला का? बसवला, पण खोक्यातल्या चित्रासारखा नाही. मिस्त्रींनी मालकाला दोन मार्ग सांगितले. मूळ डबा ठेवायचा, त्यात चांगला कागदी किंवा त्याच आकाराचा सुती फिल्टर घालायचा, फाटलेला होज आणि ब्रीदर नवे लावायचे, थ्रॉटल बॉडी काढून साफ करायची आणि डब्याची पुढची नळी नीट पुढे, थंड हवेत न्यायची. किंवा सुळका लावायचा, पण त्याच्याभोवती पत्र्याचा बंद कप्पा करायचा, कडेला रबर लावायचं, म्हणजे बॉनेट बंद झालं की इंजिनाची गरमी आत येणार नाही आणि हवा फक्त पुढच्या नळीतून येईल. दुसरा मार्ग म्हणजे शेवटी नवा डबाच. मालक हे ऐकून थोडा वेळ गप्प बसला आणि त्याने तोच मार्ग निवडला. त्याला तो आवाज हवा होता.

आणि तो आवाज मी ऐकला. पत्रा कापून, कडा मुडपून, ब्रीदरचा पाइप नव्या नळीला जोडून, क्लॅम्प आवळून गाडी चालू केली तेव्हा आयडलला काहीच फरक नव्हता. रस्त्यावर गाडी काढली, ॲक्सिलरेटर दाबला, आणि काटा वर चढताना इंजिनाची हवा ओढण्याची खोल घरघर डॅशबोर्डमागून येऊ लागली. व्हीटेक लागलं तिथे ती एकदम फाटून वर गेली. पाण्याच्या नळीने नंतर काय सांगितलं ते महत्त्वाचं असलं तरी त्या क्षणी गाडी पळाली असंच वाटतं, आणि असं वाटण्यात काही खोटं नाही. या इंजिनाचा खरा आवाज कंपनीने रेझोनेटरांत विझवला होता. तो ऐकायची इच्छा मला रास्त वाटते. मात्र तिला अश्वशक्तीचं नाव देऊन विकणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्या आश्वासनापायी लोक इंजिनाची गाळणी काढून टाकतात.

मिस्त्रींनी जाताना तीन कामं लिहून दिली: पाचशे किलोमीटरनंतर ग्रीसची तपासणी, जूनच्या आधी पुढच्या नळीचं तोंड वर वळवून घेणं, आणि ऑइल किती उतरतंय ते दर महिन्याला पट्टीवर बघणं. डबा परत लावायची वेळ आली तर लागेल म्हणून, चीर पडलेल्या होजच्या जागी मूळचा होज मिळवायला मालक स्वतः मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाणार होता. जुन्या सिटीचे असे रबरी भाग आता सहज मिळत नाहीत. जे मिळतात ते बहुतेक भंगारात निघालेल्या गाड्यांचे. काढलेला काळा डबा, त्याच्या क्लिपा, बोल्ट आणि रेझोनेटर मिस्त्रींनी गोणपाटात बांधून डिकीत ठेवले आणि वर खडूने गाडीचा नंबर लिहिला.